तातडीचा कॉल

ऑपरेटरबाईंनी त्या रविवारची उपासना मिनिटामिनिटाला बांधून काढली होती. बिशपसाहेब चार वर्षांनी येत होते, अकरा मुलामुलींचं दृढीकरण, म्हणजे बिशपांनी डोक्यावर हात ठेवून त्यांना मंडळीत पक्कं करून घ्यायचा विधी, व्हायचं होतं, आणि मागच्या वेळी गीतं लांबल्यामुळे बिशपसाहेबांना जेवायला दुपारचे अडीच वाजले होते, ही गोष्ट बाईंच्या मनाला कुसळासारखी टोचत होती. या वेळी त्यांनी एका मोठ्या कागदावर दोन रकाने आखले. साडेनऊला प्रवेश, नऊ छत्तीसला पहिलं गीत, दहाला उपदेश, असं शेवटच्या आशीर्वादापर्यंत. कागद वाचून पाळक म्हणाले, "बाई, पवित्र आत्म्यासाठी एखादं मिनिट मोकळं ठेवलंय का?" बाईंनी कागद परत घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि गंभीरपणे सांगितलं की अकरा वाजून दोन मिनिटांनी थोडी जागा आहे.

बाईंचा स्वभावच तसा. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. आधी बोर्डावर तारा खुपसण्यात, नंतर चौकशीच्या टेबलावर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना ऑपरेटरबाईच म्हणे. चर्चच्या दारावर उभं राहून येणाऱ्याला जागा दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्या कामात त्यांना कोणी तसूभरही चुकताना पाहिलं नव्हतं. उशिरा येणाऱ्याला तर त्या अशा सफाईने शेवटच्या बाकावर नेऊन बसवत, की बसल्यावरच त्याच्या लक्षात येई आपण बसलो म्हणून.

नऊ एकावन्नला, दुसरं गीत ऐन रंगात असताना, दारात एक बाई आली. चाळिशीची असेल. केस विस्कटलेले, मान लांब करून ती एकेका बाकाकडे बघत होती. ही चर्चची नव्हती. ऑपरेटरबाईंना तीनशे चेहरे तोंडपाठ होते, त्यांत हा नव्हता. ती काहीतरी बोलायला गेली, पण ऑपरेटरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, तिच्या दंडाला धरून तिला शेवटच्या बाकावर बसवलं, हातात गीतांचं पुस्तक दिलं आणि कानाशी सांगितलं, की पाळकांना भेटायचं असेल तर उपासना संपल्यावर भेटता येईल. ती उठायला बघत होती. बाईंनी खांद्यावर हलकेच हात ठेवून तिला पुन्हा बसवलं आणि दाराशी परत गेल्या.

दहाला बिशपसाहेब उपदेशाला उभे राहिले. अगदी ठोक्याला. बाईंच्या जिवाला बरं वाटलं. त्यांनी समाधानाने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि ती शेवटच्या बाकाशी येऊन अडखळली. नवी आलेली बाई पुस्तक उलटं धरून बसली होती. तिच्या एका पायात बायकांची चप्पल होती, दुसऱ्यात पुरुषाची, दोन बोटं मोठी.

ऑपरेटरबाई तिच्याजवळ जाऊन वाकल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. मग एका दमात सगळं बाहेर आलं. ती मागच्या गल्लीत राहायची, लाँड्रीत इस्त्रीला होती. नवरा बोटीवर कामाला, सहा सहा महिने बाहेर. घरी ती आणि सासरे. सासऱ्यांना ऐंशी पुरी झालेली, दोन वर्षांपासून विसरायला लागलेले. सकाळी सहाला ती उठली तर दार सताड उघडं आणि खाट रिकामी. तिने चार तास गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. चौकीत नोंद झाली होती, त्यांचा एक शिपाई शोधतही होता. इथून गाणं ऐकू आलं, दार उघडं दिसलं, म्हणून गर्दीमागे सासरे आत आले असतील असं वाटून ती नुसतं बघायला आली होती.

"मी फक्त बाकं बघून जाणार होते," ती म्हणाली. "तुम्ही बसवलंत."

ऑपरेटरबाईंनी घड्याळात पाहिलं. अकरा मिनिटं होऊन गेली होती.

एक्सचेंजमध्ये एक नियम होता. आग, अपघात, हरवलेलं माणूस, असा तातडीचा कॉल आला की चाललेलं बोलणं तोडायचं. पलीकडे कोणी का असेना. बाईंनी आपल्या नोकरीत दोन वेळा मंत्र्याचा फोन तोडला होता आणि दोन्ही वेळा साहेबांपुढे ताठ मानेने उभ्या राहिल्या होत्या. आज पलीकडे बिशपसाहेब होते. मधल्या वाटेने त्या निघाल्या तेव्हा सगळ्या बाकांवरच्या माना त्यांच्याबरोबर वळत गेल्या, आणि पाळकांचा चेहरा असा झाला, की जणू छप्पर चालत येत आहे. ऑपरेटरबाई उपदेशाच्या मध्ये दार सोडतात, हेच कोणाच्या पचनी पडेना.

त्यांनी बिशपसाहेबांना खालच्या आवाजात चार वाक्यांत सांगितलं. बिशपसाहेब उंचपुरे, साठीचे, आवाज खर्जातला. त्यांनी ऐकून घेतलं, हातातल्या कागदांची घडी घातली आणि मंडळीकडे वळले.

"शेजारच्या गल्लीतले एक आजोबा सकाळपासून घरी नाहीत," ते म्हणाले. "माझा उपदेश थांबू शकतो. ते थांबलेले नाहीत, ते चालताहेत. आपण सगळे जाऊ या."

मंडळीचे सचिव अर्धवट उठून कुजबुजले, की दृढीकरणाची मुलं तयार आहेत, बाहेरगावचे पाहुणे आले आहेत. बिशपसाहेबांनी डोक्यावरची उंच टोपी काढून वेदीवर ठेवली आणि सचिवांनाच आपल्याबरोबर चलायला सांगितलं. मग काय विचारता. तीनशे माणसं एकदम उभी राहिली आणि बाकांचा असा आवाज झाला, की कबुतरं उडाली.

पण तीनशे माणसं एकाच दाराने एकाच रस्त्यावर ओतली तर शोध नव्हे, मोर्चा होतो. ऑपरेटरबाईंच्या अंगात आता एक्सचेंज संचारलं. त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि बाकांप्रमाणे गाव वाटून दिलं. पहिली चार बाकं बस स्टँडकडे, पुढची चार नदीच्या पुलाकडे, गायकवृंदाने बाजारपेठ आणि जुन्या कचेऱ्या घ्यायच्या, दृढीकरणाच्या मुलांनी आईबापांबरोबर बागेत जायचं. प्रत्येक तुकडीत एक फोन. काही दिसलं, नाही दिसलं, दर दहा मिनिटांनी पाळकांच्या खोलीत कळवायचं. ऑर्गन वाजवणाऱ्या आजींचे गुडघे गेलेले, त्यांना बाईंनी बसल्या जागी वाजवत राहायला सांगितलं. म्हाताऱ्याच्या कानी पडलंच तर त्याचे पाय इकडे वळतील.

पाच मिनिटांत चर्च रिकामं. पाळकांच्या खोलीत टेबलाशी ऑपरेटरबाई, समोर दोन मोबाइल आणि जुना काळा फोन, शेजारच्या खुर्चीत ती सून. मिनिटामिनिटाचा तो कागद उलटा करून बाईंनी त्यावर गावाचा नकाशा काढला होता. बाईंचे गाल लाल झाले होते. खरं सांगायचं तर, दहा वर्षांत त्यांना इतकं जिवंत वाटलं नव्हतं, आणि तसं वाटतंय याची त्यांना लाजही वाटत होती.

पहिला फोन बागेतून आला. आजोबा सापडले होते. सून ताडकन उठली. पण ते आजोबा भलतेच निघाले. पेपर वाचत बसलेल्या एका निवृत्त हेडमास्तरांना मुलांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं आणि ते आपलं नाव, पत्ता आणि संताप स्पष्ट शब्दांत सांगत होते. बाईंनी त्यांची क्षमा मागून त्यांनाच शोधाला जुंपलं, आणि हेडमास्तर खरोखरच गेले. पुलाकडे कोणी नव्हतं. बस स्टँडवर कोणी नव्हतं. पलीकडून ऑर्गनचा आवाज इतका चढला, की बाईंना मध्येच उठून आजींना जरा दमाने घ्यायला सांगावं लागलं.

नुसती वाट बघून भागणार नव्हतं. चौकशीच्या टेबलावर बाई एक शिकल्या होत्या. माणसाला काय हवंय ते कळत नसेल तर त्याला रोजच्या गोष्टी विचाराव्यात. त्यांनी सुनेला विचारलं, सासरे काम काय करायचे?

"लिफ्टचे मेकॅनिक होते. चाळीस वर्षं. गावातल्या सगळ्या लिफ्ट त्यांच्याच हाताखाली होत्या."

"घरातून काय नेलंय?"

सुनेने आठवून पाहिलं. खाकी पिशवी खुंटीवर नव्हती. तीत पाने, बॅटरी, तेलाची बुधली असायची. हे ती चौकीत सांगायला विसरली होती, तिला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आणि हो, काल निजताना ते म्हणत होते, उद्या रविवार.

"रविवारी काय असायचं त्यांना?"

"सर्व्हिसिंग. कचेऱ्या बंद असतात ना, म्हणून लिफ्टची सर्व्हिसिंग रविवारी करायचे."

बाईंनी नकाशा जवळ ओढला. त्या पेन्सिलीने जुन्या इमारतींवर खुणा करायला लागल्या. तेवढ्यात फोन वाजला. गायकवृंदातला दंतवैद्य होता. आवाज खणखणीत, देह भारदस्त. विमा कंपनीच्या जुन्या इमारतीत तो चौथ्या मजल्यावर पोचला होता, म्हणजे निदान त्याचा श्वास तरी तसं सांगत होता. इथे कोणी नाही, तो म्हणाला, गच्चीतून सगळा रस्ता दिसेल म्हणून चढायला लागलो, पण लिफ्ट बंद आहे आणि माझ्याच्याने होत नाही, खाली येतो.

"लिफ्ट कशानं बंद आहे, डॉक्टर?"

"कशानं म्हणजे? पाटी लावलीय खाली. काम चालू आहे."

"रविवारी कोण काम करतंय?"

पलीकडून, "अरेच्चा," एवढंच आलं.

"डॉक्टर, वर जा," बाई म्हणाल्या. "थांबू नका. फोन चालू ठेवा."

दंतवैद्य चढायला लागला. पाचवा मजला. सहावा. सुनेने टेबलाची कड घट्ट धरली होती. तिच्या मनगटावर इस्त्रीचे जुने चटके होते, ते पांढरे पडले. मग एक दार करकरलं, वारा ऐकू आला आणि दंतवैद्य कुजबुजला, की गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत एक म्हातारा आहे, मोटरवरचं झाकण उघडं आहे आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत चाकात आहे.

सून दाराकडे वळलीसुद्धा. बाई मात्र हसल्या नाहीत, की त्यांनी देवाचे आभारही मानले नाहीत. कारण फोनमधून आणखी काहीतरी ऐकू येत होतं. सहाव्या मजल्यावर एक वकीलबाई राहायच्या, त्या जिन्यात ओरडत होत्या. रविवारी कसली कामं, कोणी परस्पर मेन स्विच पाडलाय, वॉचमन, आत्ताच्या आत्ता वर कर.

"डॉक्टर, त्यांचा हात बाहेर काढा."

"ते ऐकत नाहीत. मला म्हणताहेत, बॅटरी धर."

वकीलबाईंच्या ओरडण्यापुढे धापा टाकणाऱ्या डॉक्टरांचा आवाज खाली वॉचमनपर्यंत पोचला नसता. बाईंनी डोळे मिटले. विमा कंपनी. मुख्य कचेरी, शाखाधिकारी, खालची वॉचमनची चौकी. बोर्डावर तिसऱ्या ओळीत, उजव्या टोकाला. तेव्हा चार आकडे होते. नंतर सगळ्या नंबरांच्या आधी दोन आकडे लागले होते, ते लावणाऱ्यांत बाई स्वतः होत्या. त्यांनी काळ्या फोनची चकती फिरवली. पहिली घंटा. दुसरी. तिसरी. तिथे आता फोन असेलच कशावरून? चौथी. पाचवी.

"हॅलो, कोण?"

"एक्सचेंज," बाई म्हणाल्या. दहा वर्षांनी तोंडातून तेच बाहेर पडलं. "तातडीचा कॉल आहे. मेन स्विचला हात लावू नका."

"मी तेच करायला निघालो होतो. फोन वाजला म्हणून वळलो."

"वर माणसाचा हात मशीनमध्ये आहे. स्विचपुढे उभे राहा आणि कोणालाही येऊ देऊ नका. वकीलबाईंनासुद्धा."

"उभा आहे," वॉचमन म्हणाला, आणि त्याचा आवाज असा बदलला होता, की बाईंची खात्री पटली.

तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला. ऑर्गनच्या आजींना फोनापाशी आणून बसवलं, आणि सुनेचा हात धरून त्या निघाल्या. विमा कंपनी दोन रस्ते पलीकडे. सत्तरीला टेकलेली एक बाई आणि दोन वेगळ्या चपला घातलेली दुसरी, दोघी भर रस्त्यातून पळत होत्या, आणि वाटेत भेटणारी चर्चची माणसं काही न विचारता मागे पळायला लागत होती.

खाली वॉचमन स्विचच्या पेटीला पाठ लावून पहाऱ्यावर होता. दोघी चढायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावर दोघींनाही थांबावं लागलं. कठड्याला टेकून धापा टाकत सुनेने विचारलं, "तुमच्या चर्चचे लोक सगळ्यांसाठी असं करतात?"

बाईंच्या जिभेवर हो आलं होतं. मोठ्या कष्टाने त्यांनी ते मागे घेतलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आज केलं. करायला हवं रोज." आणि थोड्या वेळाने, "ताई, मी तुम्हाला अकरा मिनिटं बसवून ठेवलं. तुम्ही सांगायला बघत होतात आणि मी ऐकलं नाही. मला माफ करा."

सुनेने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मला तेव्हा तुमचा फार राग आला होता."

"आणि आता?"

"आता पाय दुखताहेत. रागाचं नंतर बघू."

आणि ती पुढे चढायला लागली. बाईंना का कोण जाणे, ते उत्तर माफीपेक्षा बरं वाटलं.

गच्चीवरचा देखावा मात्र बघण्यासारखा होता. दंतवैद्य रविवारच्या कोटात फरशीवर फतकल मारून बॅटरी धरून बसला होता. गायकवृंदाबरोबर शेजारच्याच इमारतीत शोधत असलेले बिशपसाहेब त्यांच्या आधी पोचले होते. झगा दाराच्या कडीला अडकवलेला, बाह्या वर सारलेल्या, आणि ते एकेक चिंधी फाडून म्हाताऱ्याच्या हातात देत होते. सचिव तेलाची बुधली सांभाळत होते. मधोमध लहानखुरे, वाळकुडे आजोबा मोटरवर वाकले होते आणि त्यांचं तोंड सारखं चालू होतं.

"एवढी मोठी नको, लहान फाड," ते बिशपसाहेबांना सांगत होते. "नवा दिसतोस. कोणी पाठवलं तुला?"

बिशपसाहेबांनी लहान चिंधी फाडली. "मालकांनी," ते म्हणाले.

"मालकांना सांग, दोरांना ग्रीस लागलं नव्हतं. किती दिवस कोणी बघितलं नाही कोण जाणे."

सून दारात उभी राहून एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि इथे कशाला आलीस, डबा आणलास का, असं अगदी घरच्यासारखं विचारलं. ती म्हणाली, डबा घरी आहे, चला. आजोबांनी मान हलवली. काम अर्धवट टाकून ते आयुष्यात कधी खाली उतरले नव्हते. मग सगळे थांबले. आणखी वीस मिनिटं बिशप, दंतवैद्य आणि सचिव हुकूम पाळत राहिले. शेवटी झाकण बसलं, चारही स्क्रू आवळले गेले आणि आजोबांनी चिंधीला हात पुसले.

वॉचमनने खालून विचारलं, आता स्विच लावू का? ऑपरेटरबाईंनी जिन्यात वाकून स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. लिफ्टच्या कंपनीचा माणूस येऊन तपासेपर्यंत पाटी तशीच राहील. आजोबा नाराज होतील अशी त्यांना धास्ती होती. पण आजोबांचा चेहरा उजळला.

"ही बाई शहाणी आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय लिफ्ट सोडायची नसते."

तेव्हा सगळे पायीच उतरले. पुढे आजोबा सुनेच्या हाताला धरून, मागे खाकी पिशवी खांद्याला लावून बिशपसाहेब. खाली रस्ता माणसांनी भरला होता. गायकवृंद होता, हेडमास्तर होते, पांढऱ्या कपड्यांतली दृढीकरणाची मुलं धुळीने माखली होती. आजोबा दिसले तसा जमावातून एक हुंकार उठला, आणि कोणीतरी गीत सुरू केलं. ते उपासनेतल्या गीतांपैकी नव्हतं, क्रमांकही कोणाला सापडला नसता, पण सगळ्यांना येत होतं. ऑपरेटरबाई गायल्या. त्यांना सूर नाही हे त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्या मंडळीला कळलं.

दृढीकरण साडेबाराला झालं. बिशपसाहेबांनी साबणाने तीनदा हात धुतले तरी नखांत काळं राहिलंच, आणि एका मुलीच्या आजीने तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या फडक्याची काळजी केली, पण फारशी नाही. आजोबा पहिल्या बाकावर बसले आणि पहिल्याच प्रार्थनेत झोपले. सून त्यांच्या शेजारी बसली होती. या वेळी तिला कोणी बसवलं नव्हतं.

सोमवारी कंपनीच्या माणसाने लिफ्ट तपासली. तीन महिने कुरकुरणारी लिफ्ट आता गप्प का आहे, हे त्याला समजेना. वकीलबाईंनी त्याला सगळी हकीगत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी आजोबांसाठी एक जाड लोकरी स्वेटर पाठवून दिला.

खरी पंचाईत पुढच्या आठवड्याची होती. रविवार येणार, आणि रविवार आला की आजोबांचे पाय सर्व्हिसिंगला निघणार. दाराला कुलूप लावलं तर ते दिवसभर कडी हलवत बसायचे, हे सुनेने आधी करून पाहिलं होतं. शनिवारी ऑपरेटरबाई तिच्या घरी गेल्या. चहा झाला. सुनेने आपणहून सांगितलं, की राग अजून थोडा आहे, पण रोज कमी होतोय. बाई म्हणाल्या, काही घाई नाही. मग त्यांनी पर्समधून एक कागद काढला. त्यावर गावातल्या लिफ्ट असलेल्या सगळ्या इमारती होत्या, एका रविवारी एक, आणि प्रत्येक रविवारी आजोबांबरोबर नुसतं बघायला जाणाऱ्या माणसाचं नाव होतं. कंपनीची परवानगी पाळकांनी काढली होती. दंतवैद्याने दुमजली इमारत मागून घेतली होती. पहिलं नाव बाईंनी स्वतःचं घातलं होतं.

रविवारी साडेनऊला चर्चची घंटा झाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ऑपरेटरबाई दारावर नव्हत्या. त्या बँकेच्या इमारतीपुढे उभ्या होत्या आणि आजोबा, नवा स्वेटर घालून, मान वर करून मजले मोजत होते.

"पाच," आजोबा म्हणाले. "तेल आणलंस का?"

"आणलंय," बाई म्हणाल्या, आणि दोघं आत शिरले.